मेट ऑपेराचा २०२५-२६ सीझन: नाट्यसंगीतवेड्या आईला कुठला ऑपेरा दाखवू?

एडिसनची_सून
नमस्कार मंडळी. आई-बाबा ऑक्टोबरमध्ये येतायत, डिसेंबरअखेरपर्यंत आहेत. आई म्हणजे पक्की नाट्यसंगीतवाली, सकाळी चहा उकळत असतो तेव्हा स्वयंपाकघरात सौभद्रातली पदं चालू असतात. यावेळी तिला न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरला मेटमध्ये (मेट्रोपॉलिटन ऑपेरात) नेईन म्हणतेय पण यांच्या सीझनची यादी उघडली आणि डोकंच गरगरलं, १८ ऑपेरा आहेत, त्यातले ६ नवीन प्रॉडक्शन. २१ सप्टेंबरला सुरुवात होतेय ती कॅव्हेलियर अँड क्ले नावाच्या नव्याकोऱ्या ऑपेराने, ती कॉमिक बुक काढणाऱ्या दोन आते-मामेभावांची गोष्ट आहे म्हणे. मग सोनाम्बुला, बोएम, वगैरे वगैरे. मी स्वतः आयुष्यात एकच ऑपेरा पाहिलाय आणि त्यातही दुसऱ्या अंकात डुलकी लागली होती हे इथेच कबूल करते. बाबांचे गुडघे दुखतात, तीन तासांच्या वर काही नको, आणि तीन तिकिटं काढायची म्हणजे खिशाचाही विचार आहे. काय घेऊ?

पंचम_पुणेकर
डोळे मिटून बोएम घ्या. पुच्चीनीचं संगीत, गोष्ट साधी, थंडीने कुडकुडणारी गरीब पोरं, प्रेम, क्षय, शेवटी रडारड, आईंना पहिल्या दहा मिनिटांत सगळं कळेल. शिवाय दिग्दर्शक झेफिरेलीचा तो सेट १९८१ पासून चालू आहे आणि दुसऱ्या अंकात स्टेजवर अख्खा पॅरिसचा बाजार उभा राहतो, पोरंटोरं, फेरीवाले, खराखुरा घोडा आणि गाढवसुद्धा. तिसऱ्या अंकात बर्फ पडतो तेव्हा लोक अजूनही आपोआप टाळ्या वाजवतात. मध्यंतरं धरून तीन तासांच्या आसपास होतं, बाबांना मध्ये दोनदा पाय मोकळे करता येतील.
मार्चमधला ट्रिस्टन तुमच्या तारखांत येतच नाही ते बरंय, लिसे डेव्हिडसन गाणारे म्हणून मी स्वतः जाणारे पण तो प्रकार पाच तासांचा आहे. आपल्या पणजोबांच्या काळी नाटकं पहाटेपर्यंत चालायची, त्या पिढीला जमलं असतं.

तिसरी_घंटा
पंचमराव, बोएम सुंदरच आहे, पण नाट्यसंगीताच्या कानाला ते अडखळेल असं मला वाटतं. आपल्याकडे कसं, गद्य संवाद चालू, मग पेटी सूर धरते, मग पद. बोएममध्ये 'मेणबत्ती विझली' हेसुद्धा गाऊनच सांगतात, बोलणं नाहीच. त्यापेक्षा दोनिझेत्तीचा ला फीय द्यु रेजिमाँ बघा, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आहे. पलटणीने वाढवलेल्या पोरीची कॉमेडी, आणि मुख्य म्हणजे त्यात मधे सरळ बोललेले संवाद आहेत, म्हणजे बांधणी आपल्या संगीत नाटकाच्या जवळची. त्यात टेनरचं, म्हणजे उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचं, एक गाणं आहे ज्यात वरचा सा म्हणतात तसा हाय सी नऊ वेळा लावायचा असतो. २००८ मध्ये हुआन दिएगो फ्लोरेसने तो लावला आणि लोकांनी इतकं उचलून धरलं की त्याने चक्क वन्स मोअर दिला! मेटमध्ये असं १९९४ नंतर पहिल्यांदाच झालं होतं. आता विचार करा, बालगंधर्वांचं एकेक पद कितीदा घ्यायला लावायचे आणि इथे एका वन्स मोअरची बातमी होते. आईंना हा किस्सा आधी सांगून ठेवा.
आणि हो, माइक नसतो. जवळजवळ ३८०० लोकांच्या थेटरात उघड्या गळ्याने गातात. हे ऐकून माझी आत्या खुर्चीत सावरून बसली होती.

जर्सी_जोशी
माझं मत वेगळं आहे, कॅव्हेलियरला कुणी हातच लावत नाहीये! सगळे बोएमलाच गेले तर नवीन काम करणार कोण? २०२२ च्या शेवटी मेटला ठेवीतून ३ कोटी डॉलरपर्यंत काढायची वेळ आली, तेव्हाच ठरलं की नव्या ऑपेरांवर जास्त भर द्यायचा, तरुण लोक त्यालाच येतात म्हणून. या सीझनमध्ये शेवटी मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोवरचा स्पॅनिश ऑपेरासुद्धा आहे. आणि कॅव्हेलियर इंग्रजीत आहे ताई, बाबांना समोरच्या सीटमागच्या भाषांतराच्या पट्टीत डोकं घालून बसावं लागणार नाही.

तिसरी_घंटा
जोशीबुवा, मुद्दा बरोबर पण सत्तरीच्या आईला पहिल्याच फेरीत मेटचं बजेट सावरायला पाठवू नका हो 😄

गिरगाव_ते_न्यूयॉर्क
तिकिटांचं मी सांगते. फॅमिली सर्कल म्हणजे अगदी वरचा मजला, स्वस्त, आणि आवाज तिथे फार छान पोचतो, पण उतार खडा आहे, गुडघेवाल्यांनी नको. त्यापेक्षा रश तिकीट बघा, २५ डॉलर, शोच्याच दिवशी वेबसाइटवर सुटतात, पण एकाला दोनच मिळतात त्यामुळे तिसऱ्यासाठी नवऱ्याला वेगळ्या लॅपटॉपवर बसवा. शनिवारचा दुपारचा शो घ्या म्हणजे रात्री पेन स्टेशनवर गाडीची वाट बघत कुडकुडायला नको. आणि वेळेआधी नक्की बसा, सुरू व्हायच्या आधी ती काचेची झुंबरं हळूहळू वर छताला जातात, माझ्या सासूबाईंना ऑपेरापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलंय.
रेजिमाँला माझंही मत. नाहीच जमलं तर डिसेंबरात मॅजिक फ्लूट आहे, इंग्रजीत, छोटा केलेला, दोन तासांच्या आत सुटतो.

एडिसनची_सून
सगळ्यांचे आभार! आत्ताच आईला व्हिडिओ कॉलवर वन्स मोअरचं सांगितलं, तर म्हणाली एकदाच? मग टेनरची दया आली तिला. रेजिमाँ ठरलं. आता बाबांचा एकच प्रश्न आहे, मध्यंतरात बटाटेवडा मिळतो का.

पंचम_पुणेकर
शॅम्पेन मिळते. वडा घरून खाऊन निघा.