फ्रँक राजा पहिला चिल्पेरिक आणि त्याचे कुटुंब: काही शंका

पैलतीर:
सर्वांना नमस्कार. सध्या सहाव्या शतकात आजच्या फ्रान्सच्या भागावर राज्य करणाऱ्या फ्रँकांच्या मेरोविंजियन घराण्याविषयी वाचत आहे आणि पहिल्या चिल्पेरिकपाशी (राज्यकाळ ५६१ ते ५८४) येऊन अडखळलो आहे. बायकोचा खून, भावाशी युद्ध, मुलांचे बळी अशीच त्याची ओळख करून दिली जाते. परंतु हाच राजा लॅटिनमध्ये पद्ये रचत होता आणि त्याने लिपीत चार नवी अक्षरे घालण्याचा हुकूमही काढला होता. त्याच्या घरात एवढा रक्तपात का झाला, आणि जी माहिती आपल्यापर्यंत पोहोचली आहे तिच्यावर किती विसंबावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

जुनी_बखर:
सुरुवात त्याच्या वडिलांपासून करावी लागेल. पहिल्या क्लोथारची इंगुंड नावाची राणी होती. आपल्या बहिणीसाठी, म्हणजे अरेगुंडसाठी, योग्य स्थळ पाहावे अशी विनंती तिने नवऱ्याला केली. क्लोथार मुलगी पाहून आला आणि माझ्याहून योग्य वर मला दिसला नाही, असे सांगत त्याने स्वतःच तिच्याशी लग्न केले. कॅरिबर्ट, गुंट्राम आणि सिगिबर्ट हे इंगुंडचे मुलगे, तर चिल्पेरिक हा अरेगुंडचा. म्हणजे चिल्पेरिक हा त्या तिघांचा एकाच वेळी सावत्रभाऊ आणि मावसभाऊ होता.

थोरल्याने गादीवर बसावे असा नियम फ्रँकांमध्ये नव्हता. राजाचा प्रत्येक मुलगा राज्याचा वाटेकरी असे, आणि मुलगा कोणत्या राणीचा याला फारसे महत्त्व नसून बापाने त्याला आपला म्हटले की पुरे होई. ५६१ मध्ये क्लोथार वारला तेव्हा चिल्पेरिकने बेर्नी येथील खजिना ताब्यात घेतला, त्यातून मातब्बर सरदारांना वश केले आणि थेट पॅरिसमध्ये शिरला. तिघा भावांनी एकत्र येऊन त्याला बाहेर काढले आणि रीतसर वाटणी केली. पॅरिस कॅरिबर्टला, ऑर्लेआँ गुंट्रामला, रँस सिगिबर्टला आणि स्वासाँ चिल्पेरिकला मिळाले. ५६७ मध्ये कॅरिबर्ट निपुत्रिक वारल्यावर त्याच्या वाट्याचीही शहराशहरांनी वाटणी झाली. पुढची सारी भाऊबंदकी या तुकड्यांवरून पेटलेली आहे. राजाचा स्वभाव कसाही असता तरी या व्यवस्थेत प्रत्येक पुतण्या हा उद्याचा प्रतिस्पर्धीच ठरला असता, असे माझे मत आहे.

शेवंती:
वरील विवेचन पटते, मात्र व्यवस्थेकडे बोट दाखवून गाल्स्विंथाचा खून झाकला जाऊ नये. सिगिबर्टने स्पेनमधील व्हिसिगॉथ राजा अथानागिल्डची मुलगी ब्रुनहिल्ड हिच्याशी लग्न केले, तेव्हा आपणही मागे राहू नये म्हणून चिल्पेरिकने तिच्या थोरल्या बहिणीला, गाल्स्विंथाला, मागणी घातली आणि इतर बायकांना दूर करण्याचे वचन दिले. बोर्दो, लिमोझ आणि काऑर ही मोठी शहरे या विवाहाच्या निमित्ताने त्याने तिच्या नावे केली. ती आली, पण फ्रेडेगुंड या आधीपासूनच्या सोबतिणीवरचे त्याचे प्रेम तसेच राहिले. आणलेली संपत्ती इथेच ठेवते, मला मानाने माहेरी जाऊ द्या, अशी गाल्स्विंथाने विनवणी केली. चिल्पेरिकने गोड बोलून तिची समजूत काढली आणि त्यानंतर एका गुलामाकरवी तिचा गळा आवळून खून करवला. काही दिवस शोक करून त्याने फ्रेडेगुंडशी लग्न केले.

यापुढे ब्रुनहिल्डसाठी हे वैर बहिणीच्या रक्ताचे आणि त्या शहरांच्या मालकीचेही झाले. ५७५ मध्ये सिगिबर्टने चिल्पेरिकला तूर्ने येथे कोंडले होते आणि चिल्पेरिकचेच सैनिक व्हित्री येथे सिगिबर्टला ढालीवर उचलून राजा घोषित करत होते. नेमक्या त्याच वेळी फ्रेडेगुंडने पाठवलेल्या दोघांनी विषारी सुऱ्यांनी त्याचा खून केला. एका दिवसात सारे पारडे फिरले.

पैलतीर:
दोघांचेही आभार. चिल्पेरिकचा मुलगा मेरोवेक याने याच ब्रुनहिल्डशी, म्हणजे आपल्या विधवा काकूशी, लग्न केले असे वाचले. हे कसे घडले?

जुनी_बखर:
सिगिबर्टच्या मृत्यूनंतर ब्रुनहिल्डला रुआँ येथे पाठवण्यात आले होते. मेरोवेक हा चिल्पेरिकच्या पहिल्या पत्नीचा, ऑडोव्हेराचा मुलगा. सावत्र आईच्या सत्तेखाली आपले भवितव्य काय, हे त्याला कळत असणारच. ५७६ मध्ये त्याने रुआँ गाठले आणि तेथील बिशप प्रीटेक्स्टाटस याने दोघांचे लग्न लावले. चिल्पेरिक धावून आला तेव्हा दोघांनी शहराच्या तटावरील एका लाकडी चर्चचा आसरा घेतला. तुम्हाला वेगळे करणार नाही, अशी शपथ घेऊन त्याने त्यांना बाहेर काढले, त्यांचे चुंबन घेतले, त्यांच्यासोबत जेवला आणि काही दिवसांनी मुलाला घेऊन स्वासाँला परतला. पुढे मेरोवेकचे केस कापून त्याला सक्तीने धर्मसेवक बनवण्यात आले. लांब केस ही या घराण्याची राजखूण असल्याने केस कापणे म्हणजे वारसाहक्क काढून घेणे होते. तो निसटला, पण ५७७ मध्ये शत्रूंच्या हाती लागण्याऐवजी त्याने आपल्याच सेवकाकडून मरण पत्करले.

ताम्रपट:
माहितीवर किती विसंबावे, हा मूळ प्रश्न मागे पडू नये. वर आलेल्या बहुतेक सर्व गोष्टी तूरचा बिशप ग्रेगरी याच्या इतिहासग्रंथातून येतात. ग्रेगरीला ५७३ मध्ये बिशप नेमले ते सिगिबर्टने. पुढे तूर चिल्पेरिकच्या ताब्यात गेले. पळून आलेल्या मेरोवेकला ग्रेगरीच्याच चर्चमध्ये आश्रय मिळाला होता. फ्रेडेगुंडची बदनामी केल्याच्या आरोपावरून ५८० मध्ये बेर्नी येथे खुद्द ग्रेगरीची चौकशी झाली आणि शपथ घेऊन तो सुटला. चिल्पेरिकला त्याने ‘आमच्या काळातला नीरो आणि हेरोद’ (दोघेही क्रौर्यासाठी कुप्रसिद्ध प्राचीन राज्यकर्ते) म्हटले, तेही राजाच्या मृत्यूच्या प्रकरणात. ग्रेगरी हा या भांडणातला एक पक्ष होता, हे लक्षात ठेवूनच त्याचे वाचन करावे.

असे असले तरी तो उघड खोटे रचणारा लेखक मला वाटत नाही, कारण प्रतिमेला न शोभणारे प्रसंगही तो लिहून ठेवतो. ५७७ मध्ये प्रीटेक्स्टाटसवर पॅरिसला खटला चालला तेव्हा ग्रेगरीने त्याची बाजू घेतली. संतापलेल्या चिल्पेरिकने त्याला बोलावून घेतले, परंतु दोघांची खडाजंगी झाल्यावर राजाने त्याच्यापुढे रस्सा ठेवला आणि म्हणाला, की हा तुमच्यासाठी केला आहे, यात कोंबडी आणि थोडे हरभरे यांखेरीज काही नाही. मतलबापोटी का होईना, पण नीरो असा आर्जव करत नाही.

५८० ची गोष्टही अशीच आहे. आमांशाच्या साथीत चिल्पेरिक आणि फ्रेडेगुंडचे दोन्ही मुलगे आजारी पडले. गरिबांचे अश्रू आणि विधवांचे हुंदके आपली मुले मारत आहेत, असे म्हणून फ्रेडेगुंडने आपल्या शहरांच्या करवसुलीच्या वह्या आगीत टाकल्या आणि नवऱ्यालाही तेच करायला लावले. मुले मात्र वाचली नाहीत. त्याच वर्षी ऑडोव्हेराचा उरलेला मुलगा क्लोव्हिस याला फ्रेडेगुंडच्या संशयावरून ठार करण्यात आले आणि ऑडोव्हेराचाही अंत झाला. शोक आणि क्रौर्य एकाच घरात एका वर्षात दिसतात; ग्रेगरी दोन्ही लिहितो, म्हणूनच मी त्याला सावधपणे, पण मानाने वाचतो.

शेवंती:
शेवटाविषयी थोडे. ५८४ मध्ये पॅरिसजवळ शेल येथे शिकारीहून परतलेला चिल्पेरिक घोड्यावरून उतरत असताना त्याचा खून झाला. मारेकरी कोणी पाठवला हे आजही निश्चित नाही. मागे उरला तो चार महिन्यांचा मुलगा, आजोबांच्याच नावाचा क्लोथार. गुंट्रामला त्याच्या पितृत्वाविषयी शंका होती, तेव्हा फ्रेडेगुंडने तीन बिशप आणि तीनशे प्रतिष्ठितांकडून शपथा घेववल्या. याच मुलाने ६१३ मध्ये वृद्ध ब्रुनहिल्डला घोड्याला बांधून फरफटत ठार केले आणि सर्व राज्ये एकत्र केली. त्यानंतरचे मेरोविंजियन राजे चिल्पेरिकच्याच वंशातले आहेत.

पैलतीर:
फार मोलाची माहिती मिळाली. त्याच्या मुलींचे काय झाले, एवढे कोणी सांगू शकेल का?

ताम्रपट:
ऑडोव्हेराची मुलगी बसिना हिला प्वातिएच्या मठात टाकण्यात आले. ५८९ मध्ये तेथे झालेल्या जोगिणींच्या बंडात, कॅरिबर्टची मुलगी म्हणवणाऱ्या क्लोथिल्डसोबत ती पुढे होती; नंतर क्षमा मागून ती मठात परतली. फ्रेडेगुंडची मुलगी रिगुंथ ही पन्नास गाड्या भरून संपत्ती घेऊन स्पेनच्या राजपुत्राशी लग्न करण्यासाठी निघाली होती. ती तूलूझला असताना बापाच्या खुनाची बातमी आली, उरलीसुरली संपत्ती लुटली गेली आणि लग्न मोडले. परत आल्यावर मायलेकींचे इतके वाजू लागले की वडिलांचे दागिने घे असे सांगून फ्रेडेगुंडने तिला पेटीत वाकायला लावले आणि झाकण तिच्या मानेवर दाबून धरले. दासीच्या ओरडण्यामुळे बाहेरचे लोक धावत आले, म्हणून ती वाचली.