मदत हवी आहे : डेंटल हायजिनिस्टचा डिप्लोमा कुठे करावा?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे. धाकटी बहीण यंदा बारावी सायन्स झाली, बायोलॉजी होतं. सुट्टीत सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका दातांच्या दवाखान्यात ती मॅडमच्या हाताखाली होती. ट्रे लावायचा, तोंडातलं पाणी ओढणारी सक्शनची नळी धरायची, ऑटोक्लेव्हमधून (उपकरणं वाफेने निर्जंतुक करायचं यंत्र) निघालेल्या पाकिटांवर तारीख घालायची. आता तिला हेच, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टचं काम, शिकायचंय. घरचे बीडीएसच (दंतवैद्याची पदवी) कर म्हणतात, पण तिचा जीव दात साफ करण्याच्या कामातच रमलाय आणि मला तिचं पटतं.

दोन वर्षांचा डिप्लोमा सांगली-मिरजेकडे कुठे आहे का? कायद्याप्रमाणे हायजिनिस्टची राज्य दंत परिषदेकडे नोंदणी लागते, म्हणून मान्यता नसलेला कोर्स नकोच. कुणी केला असेल तर फी, हॉस्टेल आणि नंतरचा पगार खरा खरा सांगा.