शब्दचर्चा: ‘मंदक्रोध’ म्हणजे नेमकं काय?

मिरजकर:
रविवारी चर्चमध्ये बायबलमधलं स्तोत्र १०३ वाचायची पाळी माझ्यावर आली आणि तिथं देवाला म्हटलेल्या ‘मंदक्रोध’पाशी अडखळलो. घरी येताना नववीतली मुलगी म्हणते, “पप्पा, हे मंदबुद्धीसारखं आहे का? देवाला नीट रागावता येत नाही?” ‘सहनशील’ असं सांगून वेळ मारून नेली, पण माझं मलाच पटलं नाही.

वाळवेकर:
बहुव्रीही समास: ज्याचा क्रोध मंद, तो. इथं मंद म्हणजे थोडा नव्हे, सावकाश. पण आता शाळेतली पोरं ‘मंद’ शिवीसारखं वापरतात, त्याला काय करणार!

गंमत मूळ हिब्रूत आहे. बायबलच्या ‘निर्गम’ पुस्तकात (३४:६) ‘एरेख अप्पायिम’ येतं, शब्दशः लांब नाकाचा. ‘अफ’ म्हणजे नाक आणि रागसुद्धा. आपल्याकडे राग नाकाच्या शेंड्यावर बसलेला असतो. तिथं नाकच एवढं लांब की शेंडा गाठेपर्यंत राग दमतो (हा माझा चावटपणा, व्युत्पत्ती नव्हे). आणि हे शब्द कधी येतात? लोकांनी देवाला सोडून सोन्याचं वासरू पुजल्याचं प्रकरण नुकतंच घडल्यावर. रागवायला कारण भरपूर होतं.

‘सहनशील’ मला अपुरा वाटतो. गलतीकरांस पत्रात (५:२२) ‘सहनशीलता’ आहे, तिथला ग्रीक शब्द ‘माक्रोथुमिया’, म्हणजे आपल्या ‘मंदक्रोध’च्याच जवळचा. ओझ्याखाली टिकून राहण्याला ग्रीकमध्ये ‘हुपोमोने’ हा वेगळा शब्द आहे. सासुरवास सोसणारी सून सहनशील, कारण तिच्या हातात काही नसतं. माक्रोथुमिया म्हणजे हातात काठी असून ती न उगारणं.

तासगावचा द्राक्षवाला:
आमच्याकडं याला ‘दम धरणं’ म्हणतात. लूकच्या शुभवर्तमानातलं (अध्याय १३) अंजीर आठवा. द्राक्षमळ्यातलं झाड, तीन वर्षं फळ नाही, मालक म्हणतो तोडून टाक. माळी म्हणतो, एवढं वर्ष राहू द्या, भोवती खणून खत घालतो. आमच्या बागेत एक ओळ लागोपाठ दोन हंगाम घडच धरेना. वडील कुऱ्हाड घेऊन निघालेले. चुलत्यांनी ऑक्टोबर छाटणीपर्यंत मुदत मागितली, बोद (वेलींच्या ओळीचा मातीचा वरंबा) फोडून शेणखत भरलं. दम धरला म्हणजे हातावर हात ठेवून बसले नाहीत.

शिवाय ‘दम देणं’ही आपलंच. तो माळीसुद्धा शेवटी म्हणतो, नाहीच आलं तर तोडा.

कृष्णाकाठ:
मग सरळ ‘देवाच्या काठीला आवाज नसतो’ म्हणा की.

वाळवेकर:
नाही हो. त्या म्हणीत काठी बसणार हे ठरलेलंच आहे, फक्त गुपचूप. शिशुपालाचंही तेच: शंभर अपराध मोजायचे, मग चक्र. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात (३:९) देवाच्या उशिराचं कारणच वेगळं आहे: कुणाचा नाश होऊ नये, सर्वांनी पश्चात्ताप करावा. ‘गय करणं’ जवळ येतं, पण त्यात गुन्हा सोडून दिल्याची छटा आहे.

योना ४:२ वाचाच. हा संदेष्टा देवाच्या वतीनं चाळीस दिवसांत निनवे शहर उलथणार म्हणून सांगून आला आणि शहर वाचलं, तर देवावरच चिडला: तू मंदक्रोध आहेस हे ठाऊक होतं, म्हणूनच आधी हे काम टाळून पळालो होतो! तिथं हा शब्द तक्रार म्हणून येतो.

मिरजकर:
मुलीला योना वाचून दाखवला. म्हणाली, “याचं नाक आखूड होतं.” पुढच्या वेळी ‘मंदक्रोध’च वाचीन, फक्त ‘मंद’ म्हणून मध्येच श्वास घेणार नाही. घोळ तिथंच झाला होता.