लाँगबोर्ड: आधी पारंपरिक शैली शिकावी की प्रोग्रेसिव्ह?

पश्चिमवारा (वसई)

नमस्कार.

राजोडीच्या किनाऱ्यावर भाड्याच्या फोम बोर्डावर सर्फिंग शिकल्यानंतर आता मी स्वतःचा पहिला लाँगबोर्ड, म्हणजे लांब सर्फबोर्ड, घेण्याच्या विचारात आहे. लांबी साडेनऊ फुटांच्या आसपास असावी, एवढे ठरले आहे. त्यापुढचे काहीच ठरत नाही. किनाऱ्यावर भेटणाऱ्या जाणत्या मंडळींमध्ये सरळ दोन पक्ष आहेत. एका, म्हणजे पारंपरिक शैलीच्या, पक्षाचे म्हणणे असे, की लाँगबोर्ड घ्यायचा तर तो जड, एकाच मोठ्या फिनचा (तळाला मागे बसवलेल्या पात्याचा) आणि गोल कडांचा घ्यावा, बोर्डावर पावले टाकत पुढे जाण्याची आणि नोजवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उभे राहण्याची कला आधी अंगी बाणवावी आणि वळणांचा विचार नंतर करावा. दुसऱ्या, प्रोग्रेसिव्ह पक्षाच्या मते ही साठ वर्षांपूर्वीची शैली आहे. आजचा लाँगबोर्ड हलका, पातळ आणि तीन फिनांचा असतो, त्यावरून लाटेच्या माथ्यापर्यंत चढून वळता येते. मग पहिल्या दिवसापासून स्वतःला मर्यादा का घालून घ्यायची, असा त्यांचा प्रश्न आहे.

मला जाणून घ्यायचे आहे ते असे. हा फरक केवळ आवडीनिवडीचा आहे, की लाटेवर प्रत्यक्ष काही वेगळे घडते? आपल्या मुंबई-पालघरच्या लाटा एरवी कंबरेएवढ्या, मऊ आणि आखूड असतात. अशा लाटांवर कोणती शैली शिकणे सयुक्तिक ठरेल? मध्ये एक मोठा आणि बाजूंना दोन छोटे फिन, अशी टू-प्लस-वन रचना घेतली, तर एकाच बोर्डावर दोन्ही शैली शिकता येतील का? लाँगबोर्ड ही काही वरचेवर घेण्याची वस्तू नाही, म्हणून सविस्तर उत्तरे मिळाली तर आभारी राहीन.

ओहोटी (वर्सोवा)

फरक खरा आहे आणि तो बोर्डाच्या कडेपासून सुरू होतो.

पारंपरिक जड लाँगबोर्डाची, म्हणजे लॉगची, कड अर्थात रेल वरून आणि खालून सारखीच गोल असते. वाहते पाणी गोल पृष्ठभागाला चिकटून वळते. त्यामुळे लाटेच्या भिंतीवरून वर चढणारे पाणी अशा रेलला वळसा घालून बोर्डाच्या मागच्या भागावर, टेलवर येते आणि टेल खाली दाबून धरते. फुटणाऱ्या लाटेचा माथाही टेलवरच कोसळत असतो. नोजवर उभ्या असलेल्या माणसाचे वजन आणि टेलवरचा हा पाण्याचा भार तराजूच्या दोन पारड्यांप्रमाणे एकमेकांना तोलून धरतात, आणि म्हणूनच सत्तर किलोचा माणूस बोर्डाच्या अगदी टोकावर, पायांची दहाही बोटे बाहेर काढून उभा राहिला तरी नोज बुडत नाही. नोजखालचा उथळ खोलगटपणा थोडी उचल देतो, पण मुख्य काम टेलचेच. प्रोग्रेसिव्ह बोर्डाची रेल टेलकडे जाताना खाली उतरत जाते आणि तिला धार असते. त्या धारेवरून पाणी चटकन सुटते. त्यामुळे बोर्डाला वेग मिळतो, तो झटकन वळतो, आणि नेमक्या त्याच कारणाने त्याची टेल पाण्यात रुतून राहत नाही. एकाच कडेकडून पाणी धरून ठेवणे आणि पाणी सोडून देणे, या दोन्ही गोष्टी पूर्णत्वाने मिळवता येत नाहीत.

टू-प्लस-वनबाबत माझे मत यातूनच निघते. बाजूचे फिन काढता येतात, मधला फिन बदलता येतो; रेलचा आकार, तळाचा बाक आणि वजन मात्र बोर्ड घडवला जातो तेव्हाच कायमचे ठरते. हलक्या, बाकदार बोर्डाला एकच मोठा फिन लावल्याने त्याचा लॉग होत नाही. ती रचना वाईट आहे असे मी म्हणत नाही, परंतु दोन्ही शैली शिकवणारा बोर्ड म्हणून कोणी ती आपल्याला सुचवत असेल, तर ते अर्धेच खरे आहे.

आता आपल्या लाटा. समुद्रतळाचा उतार मंद असला, की लाट एकदम कोसळत नाही, माथ्याकडून हळूहळू ढासळत येते. अशा लाटेत मध्येच बळ नसलेली सपाट जागा येते. सहा किलोच्या आसपासचा हलका बोर्ड तिथे वेग हरवतो आणि स्वाराला अंग झटकून तो पुन्हा पळवावा लागतो. काचतंतूंच्या जाड थरांचा नऊ-दहा किलोंचा लॉग मात्र आपल्या गतीनेच ती जागा ओलांडून पुढच्या उभ्या भागाला जाऊन मिळतो. उभी वळणे घ्यायला मुळात उभी भिंत लागते, आणि ती आपल्याकडे क्वचितच मिळते.

याहून महत्त्वाची गोष्ट शिकण्याची आहे. नोजवर उभे राहणे हा शेवटचा, दिसणारा भाग झाला. त्याआधी योग्य जागी मागे सरकून टेलवर वजन देणे, बोर्ड मुद्दाम मंद करणे, पुढचा भाग उभा होईपर्यंत थांबणे, मग वळून बोर्डाला लाटेच्या वरच्या तिसऱ्या भागात आडव्या रेषेवर आणणे आणि तेव्हाच पायावर पाय टाकत पुढे जाणे, हे सगळे असते. यातला प्रत्येक निर्णय लाट पुढे काय करणार आहे, हे ओळखून घ्यावा लागतो. जड बोर्डावर घाईघाईने चूक निस्तरता येत नाही, त्यामुळे लाट आधी वाचण्याची सवय लागते. या कारणासाठी मी सिंगल फिन लॉगच सुचवीन, आणि अगदी ठामपणे सुचवीन.

उधाण (दादर)

पाण्याच्या वागणुकीचे विवेचन पटले. निष्कर्ष मात्र मला एकांगी वाटतो, कारण पारंपरिक शैली ही जणू मूळ आणि बाकी सगळी नंतरची भर, असे त्यात गृहीत धरलेले आहे.

हवाईतील जुन्या लाकडी फळ्यांना फिनच नव्हता. तो टॉम ब्लेक यांनी 1935 मध्ये प्रथम बसवला. आज आपण जिला पारंपरिक म्हणतो ती शैली मुख्यतः 1950 आणि 1960 च्या दशकांत, कॅलिफोर्नियातील मालिबूसारख्या लांब, मऊ लाटांवर आकाराला आली. त्यासाठी लागणारे बोर्ड प्रथम बाल्सा लाकूड आणि काचतंतू, मग पॉलियुरेथेन फोम यांतून घडवले गेले, आणि त्या काळात यापेक्षा नवे काही नव्हते. त्या पिढीने हाती आलेले प्रत्येक नवे साधन उत्साहाने वापरले. तोच उत्साह पुढच्या पिढीने दाखवला तर त्याला परंपरेपासून दूर जाणे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही.

दोन घटना शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. 1965 मध्ये टॉम मोरी यांनी व्हेंच्युरा येथे रोख बक्षिसांची नोजरायडिंग स्पर्धा घेतली. प्रत्येक बोर्डाचा पुढचा पाव भाग वेगळ्या रंगाने दाखवलेला होता आणि स्पर्धक त्या भागावर किती वेळ उभा राहिला, ते स्टॉपवॉच लावून मोजले गेले. पुढच्याच वर्षी, 1966 मध्ये, सॅन डिएगो येथील जागतिक स्पर्धेत नोजरायडिंगमध्ये ज्याचा हात धरणारा कोणी नव्हता तो डेव्हिड नुइवा मागे पडला आणि ऑस्ट्रेलियाचा नॅट यंग जिंकला. त्याचा बोर्ड त्या काळाच्या मानाने पातळ होता, फिनवर बोर्ड आणि फिन घडवणारे जॉर्ज ग्रीनो यांच्या विचारांची छाप होती, आणि लाटेच्या सर्वांत जोरकस भागात वळणे घेणे ही त्याची पद्धत होती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की तो बोर्ड 9 फूट 4 इंचांचा होता. म्हणजे प्रोग्रेसिव्ह विचार शॉर्टबोर्डवाल्यांनी लाँगबोर्डावर लादलेला नाही. तो लाँगबोर्डावरच जन्मला. पुढे काही वर्षांत बोर्ड आखूड झाले आणि लाँगबोर्ड स्पर्धांतून जवळजवळ दिसेनासा झाला, हा त्याचा परिणाम.

1980 च्या दशकात लाँगबोर्ड परतला तेव्हा सायमन अँडरसन यांची तीन फिनांची रचना, 1981 पासून गाजलेली, सर्वांच्या हाती आली होती. साहजिकच लाँगबोर्डही तिच्यावर चालू लागला. त्या दशकात जागतिक लाँगबोर्ड विजेतेपद पुन्हा नॅट यंगकडेच गेले, हेही नोंदवण्यासारखे आहे. या प्रवाहाविरुद्ध अमेरिकन लाँगबोर्ड सर्फर जोएल ट्यूडर यांनी सिंगल फिनचा आग्रह धरला, 2010 मध्ये त्यासाठी डक्ट टेप इन्व्हिटेशनल ही स्पर्धा सुरू केली, आणि 2019 पासून जागतिक स्पर्धा घेणाऱ्या वर्ल्ड सर्फ लीगनेही लाँगबोर्डच्या परीक्षणात पारंपरिक शैलीला झुकते माप दिले. ट्यूडर यांचे तिसरे जागतिक विजेतेपद 2021 चे, म्हणजे या बदलानंतरचे. इथपर्यंत पारंपरिक पक्षाची सरशी वाटते. पण टेलर जेन्सनकडे पाहा. जोरकस, आधुनिक वळणांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या सर्फरने 2011, 2012 आणि 2017 मध्ये विजेतेपद मिळवले होते, आणि 2024 मध्ये नव्या निकषांखालीही तोच जिंकला. ज्याला रेल पाण्यात खोलवर रोवून वळता येते त्याला नोजवर जाण्यापूर्वीचे वळणही उत्तम साधते, असा मी याचा अर्थ लावतो.

मुंबईचा सर्फर मुंबईतच राहत नाही, हाही मुद्दा आहे. संधी मिळताच आपण कर्नाटकातील मुल्कीला, केरळातील वर्कलाला, चेन्नईजवळच्या कोवलमला किंवा महाबलीपुरमला जातो. पूर्व किनाऱ्यावरच्या उजवीकडे फुटणाऱ्या लाटांना बऱ्यापैकी लांब भिंत मिळते आणि तिथे बाकदार, हलका बोर्ड आपले गुण दाखवतो. केवळ राजोडीची लाट डोळ्यांपुढे ठेवून बोर्ड निवडणे मला पटत नाही. आपण टू-प्लस-वनच घ्यावा.

सागरगोटी (अंधेरी)

शैलीच्या चर्चेत सुरक्षिततेचा एक मुद्दा राहून जातो आहे. पारंपरिक शैलीच्या व्हिडिओंमध्ये अनेक जण बोर्ड पायाशी जोडणारी दोरी, म्हणजे लीश, न बांधता सर्फिंग करताना दिसतात, कारण पावले टाकताना दोरी पायात येते. आपल्या किनाऱ्यांवर कृपया हे अनुकरण करू नये. सुटीच्या दिवशी कंबरभर पाण्यात लहान मुले आणि पोहता न येणारी माणसे उभी असतात, त्यांना सुटून आलेला बोर्ड ओळखू येत नाही आणि चुकवताही येत नाही. नऊ-दहा किलोंचा लॉग लाटेबरोबर वेगाने आला तर तो जिवावर बेतू शकतो. लाँगबोर्डसाठी घोट्याऐवजी गुडघ्याखाली बांधायचे लीश मिळते. ते पायांत कमी येते.

पावसाळ्याबद्दलही लिहिते. पावसाळ्यातील बंदीच्या काळात यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा अडचणीत सापडलेल्या सर्फरजवळ पोहोचू शकेल अशी होडीही समुद्रात सहसा नसते. नवीन बोर्डाचा उत्साह कितीही असला, तरी त्या महिन्यांत तो घरातच ठेवावा.

आणखी एक व्यावहारिक बाब. साडेनऊ फुटांचा बोर्ड लोकलने नेता येत नाही आणि इमारतीच्या लिफ्टमध्येही मावत नाही. तो किनाऱ्याजवळ कुठे ठेवता येईल, हे आधी ठरवावे आणि मगच पैसे मोजावेत.

पश्चिमवारा (वसई)

तिघांचेही मनापासून आभार. लीश आणि ठेवण्याची जागा या दोन्ही गोष्टी माझ्या यादीत नव्हत्या, त्या आता सर्वांत वर आहेत.

स्पर्धेत उतरण्याची माझी इच्छा नाही आणि वर्षातले बहुतेक दिवस मी वसई परिसरातच सर्फिंग करणार आहे, त्यामुळे उधाण यांचा इतिहास अत्यंत आवडूनही माझा कल लॉगकडे झुकतो आहे. एक शंका उरते. आपल्या लाटा इतक्या आखूड आहेत, की उभे राहून बोर्ड वळवेपर्यंत लाट संपत आलेली असते. मग नोजपर्यंत चालत जायला वेळ मिळणार कधी?

ओहोटी (वर्सोवा)

पूर्ण नोजपर्यंत जाण्याचे उद्दिष्ट पहिल्या हंगामात ठेवूच नये. लाट पकडतानाच बोर्ड सरळ किनाऱ्याकडे न रोखता, ज्या बाजूला भिंत आहे तिकडे थोडा तिरका ठेवावा. उभे राहिल्यावर वळण्यात जाणारा वेळ वाचतो. मग एकच पाऊल पुढे आणि एकच मागे, एवढाच सराव करावा. पाय घासत सरकू नये. मागचा पाय पुढच्या पायावरून ओलांडून टाकावा आणि नजर बोर्डावर न ठेवता लाटेच्या पुढच्या भागावर ठेवावी. कोरड्या वाळूवर सरळ रेघ ओढून तिच्यावर चालण्याचा सराव पुष्कळ उपयोगी पडतो. गुडघा खाली नेऊन घ्यायचे ड्रॉप-नी वळण मऊ लाटेवर सुंदर साधते, तेही याच काळात शिकता येईल.

भरती-ओहोटीकडे लक्ष द्यावे. आपल्याकडे उधाणाच्या दिवसांत पाण्याची चढउतार मोठी असते, त्यामुळे लाट फुटण्याची जागा आणि तिची ढब तासातासाला बदलते. पाणी किनाऱ्याच्या चढावाला भिडले की लाटा एकदम आणि सलग कोसळतात. त्या वेळी लॉग घेऊन पाण्यात जाण्यात अर्थ नसतो. आपल्या नेहमीच्या जागी कोणत्या पातळीला लाट सर्वांत सावकाश ढासळते, हे वहीत टिपून ठेवावे.

उधाण यांनी सांगितलेला जेन्सनचा दाखला मला मान्य आहे; वळण कच्चे असेल तर नोजरायडिंगही कच्चेच राहते. म्हणून बोर्ड घेताना फिन पुढेमागे सरकवता येईल अशी लांब खाच असलेला घ्यावा. फिन पुढे सरकवला की बोर्ड सहज वळतो, मागे नेला की टेल अधिक घट्ट धरते. सुरुवातीला तो खाचेच्या मध्यावर बसवावा, वळणे हातची झाली की अर्ध्या-अर्ध्या इंचाने मागे न्यावा आणि प्रत्येक बदलानंतर निदान काही दिवस तसाच ठेवून पाहावा.