विषय: खाडीकाठच्या तळ्याचं खारेपण कसं मोजायचं?

मिनियापोलिसहून
नमस्कार मंडळी,
इथे रस्त्यावरच्या मिठाने तळ्यांतले प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक प्राणी) घटतात. अमेरिकेत गोड्या पाण्यातल्या जिवांसाठी क्लोराइडची (मिठातला एक घटक) दीर्घकालीन मर्यादा लिटरला 230 मिलिग्रॅम. वेंगुर्ल्याकडे बांध फुटून उधाणाचं पाणी तळ्यात आलं, तर हाच आकडा धरू का? टीडीएस पेन (विरघळलेले क्षार दाखवणारं छोटं यंत्र) पुरेल?

वेंगुर्ल्याहून
काका, 230 इथे सैल पडेल. जांभ्यातलं पाणी मऊ. कॅल्शियम कमी असलं की तेवढंच क्लोराइड पाणपिसवांना (डॅफ्नियासारखे कवचवाले प्राणिप्लवक) जास्त बाधतं. कॅनडाने तर 120 धरलंय. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे 19,000 मिलिग्रॅम क्लोराइड असतं, म्हणजे शंभर बादल्या गोड्या पाण्यात सव्वा बादली समुद्र मिसळला की 230 पार. आणि जिभेवर विसंबू नका, आपल्याला पिता येईल असं पाणीही पाणपिसवांना बाधू शकतं. पिण्याच्या पाण्याला आपल्याकडे 250 चालतं, दुसरी सोय नसेल तर 1000.

पेन सगळे क्षार एकत्र दाखवतं. चढ-उतार बघायला ठीक. नेमकं क्लोराइड हवं तर टायट्रेशनच, म्हणजे रंग बदलेपर्यंत द्रावण थेंबथेंब घालून मोजणं: 50 मिली पाणी, पोटॅशियम क्रोमेटचे थेंब, मग 0.0141 नॉर्मल (द्रावणाची तीव्रता) सिल्व्हर नायट्रेट. पिवळ्यावर विटकरी झाक टिकली की थांबा. नुसत्या डिस्टिल्ड पाण्याला असंच करून जेवढं सिल्व्हर नायट्रेट लागलं, तेवढं वजा करा. उरलेल्या दर मिलीला लिटरमागे 10 मिलिग्रॅम. गोची अशी की जांभ्याचं पाणी बऱ्याचदा आम्लधर्मी. पीएच 7 च्या खाली क्रोमेटचं डायक्रोमेट होतं, रंग उशिरा येतो, आकडा फुगतो. आधी चिमूटभर खायचा सोडा घाला.

नमुना तळाचाही घ्या. खारं पाणी जड, ते खाली बसतं. वरचं गोडं निघालं म्हणून खुश व्हाल!

टोरंटोहून
वरच्यात भर, प्राणिप्लवकांपुरती. 20 लिटर पाणी 64 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा, पण भर दुपारी नको. तेव्हा बरेचसे खाली गेलेले असतात. 4 टक्के फॉर्मालिनमध्ये लिटरला 40 ग्रॅम साखर घाला, नाहीतर पाणपिसवांचं कवच फुगतं, अंडी बाहेर सांडतात आणि मोजणी वाया जाते. तिथे मोठ्या डॅफ्नियापेक्षा मोइना, सिरिओडॅफ्निया या छोट्या पाणपिसवा शोधा. मे अखेरीस एकदा, श्रावणात एकदा. एकाच नमुन्यावर काही ठरवू नका, पावसाने पाणी पातळ होतं.

पाणपिसवा गायब आणि ब्रॅकिओनस प्लिकॅटिलिस भरपूर, असं दिसलं तर तो मचूळ पाण्यातला रोटिफर (एक सूक्ष्म प्राणी) आहे. मग जाळी बाजूला ठेवा नि बांधाच्या मोरीची झडप भरतीला नीट बसते का, ते आधी बघा.