उत्प्रेरक उडून गेला तरी उत्प्रेरकच का?

रिकामटेकडी : अवकाशावरच्या एका पुस्तकाचा अनुवाद करतेय. अग्निबाणातलं घन इंधन भराभर जळावं म्हणून त्यात जे चिमूटभर घालतात, त्याला मी ‘ज्वलन-उत्प्रेरक’ लिहिलं. संपादकांचा शेरा आला : ‘उत्प्रेरक शेवटी जसाच्या तसा उरतो. हा तर धुराबरोबर बाहेर पडतो. शब्द बदला.’ शाळेतली व्याख्या आठवली तर त्यांचंच खरं वाटतं. मग लिहू काय?

पाषाणकर : उरतो म्हणजे डबीत परत भरता येतो असं नव्हे हो. नासाच्या स्पेस शटलच्या बूस्टरमध्ये, म्हणजे बाजूला जोडलेल्या घन इंधनाच्या अग्निबाणात, लोह ऑक्साइड होतं, अवघं ०.४ टक्के. एका बूस्टरमध्ये मसाला, म्हणजे जळणारं सगळं मिश्रण, सुमारे ५०० टन. म्हणजे दोनेक टन लोह ऑक्साइड दोन मिनिटांत आभाळात! मसाल्यात प्राणवायू पुरवणाऱ्या अमोनियम परक्लोरेटचं विघटन त्यानं सोपं होतं, एवढंच त्याचं काम. पण संपादक अगदीच चूक नाहीत. लोह ऑक्साइडऐवजी फेरोसीन हे लोहाचं संयुग घातलं तर ते स्वतःच जळतं, आणि त्यातून तयार होणारं लोह ऑक्साइड पुढचं काम करतं.

तुळशीवृंदावन : लोह ऑक्साइड म्हणजे आमचा गेरूच की! दिवाळीला अंगणात सारवतो तो.

आडमुठा : आधी ‘घन इंधन’च चूक आहे. त्यात इंधनही असतं आणि प्राणवायू पुरवणारा पदार्थही. ‘प्रणोदक’ लिहा.

रिकामटेकडी : प्रणोदक लिहिलं तर वाचक पान उलटेल.

शुद्धबुद्ध : ‘उत्प्रेरक’ हा समितीत बसून घडवलेला शब्द. साधं ‘विरजण’ का नको? चमचाभर घाला, पातेलंभर दूध लागतं.

पाषाणकर : विरजण जिवंत असतं, वाढतं. दुसऱ्या दिवशी त्याच दह्यातलं पुन्हा विरजणाला घेता. रॉकेटमधून काय परत घेणार?

समीरची आई : उत् + प्र + ईर्. ईर् म्हणजे हालवणं, चालना देणं. ‘समीर’ त्याच धातूचा, म्हणून मला हा शब्द घरचाच वाटतो. उलट रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियसनं १८३५ मध्ये ‘कॅटॅलिसिस’ (उत्प्रेरण) हा शब्द काढला तो ग्रीकमधल्या ‘सैल करणं, सोडवणं’ या अर्थाच्या शब्दावरून. तिकडे गाठ सोडवतात, इकडे आपण मागून ढकलतो.

पाषाणकर : वा! आणि ढकलण्यापुरतंच असतं तर भांडण मिटलं असतं. नायट्रोसेल्युलोज-नायट्रोग्लिसरीनच्या मसाल्यात, हा दुसऱ्या प्रकारचा, शिशाचे क्षार घालतात. एरवी दाब वाढला की जळणंही वाढतं. हे क्षार घातले की आधी वेग वाढतो, मग दाबाच्या एका टप्प्यात तो जागच्या जागी थांबतो, कधी उतरतोही. आलेखात पठार दिसतं. ही प्रेरणा म्हणायची की लगाम?

जळण्याचा हा वेग मोजायची आमच्याकडे रीत अशी : मसाल्याची पेन्सिलीएवढी कांडी, तिच्यातून आरपार दोन तारा, नायट्रोजननं दाबलेल्या भांड्यात वरून पेटवायची. पहिली तार तुटली की घड्याळ सुरू, दुसरी तुटली की बंद. सेकंदाला किती मिलिमीटर, ते लिहायचं. उभ्या नोकरीत ‘उत्प्रेरक’ कुणाच्या तोंडून ऐकला नाही. ‘कॅटॅलिस्ट किती टाकलायस रे?’ एवढंच.

शुद्धबुद्ध : म्हणूनच मराठी मरते. ‘दिनांक’, ‘महापौर’ यांनाही लोक हसले होते.

आडमुठा : घरी तुम्ही ‘दिनांक’ म्हणता का ‘तारीख’? खरं सांगा.

शुद्धबुद्ध : पत्रात दिनांक.

पेठेतला : पेशवाईच्या कागदांत रॉकेटला नुसतं ‘बाण’ म्हणत, अग्नी-बिग्नी काही नाही. उत्प्रेरकालाही बाणदारांचा एखादा शब्द असेल.

पाषाणकर : त्यांची दारू काळी होती. गंधक, सोरा, कोळसा. हे प्रकरण पुष्कळ नंतरचं.

रिकामटेकडी : ‘ज्वलन-नियामक’ चालेल? फाइल उद्या द्यायचीय.

पाषाणकर : शिशाला चालेल. शटलच्या लोह ऑक्साइडला उत्प्रेरकच ठेवा, आणि संपादकांना माझ्याकडे पाठवा.

बार्देसकार : तुळशीवृंदावन, तो गेरू नव्हे, काव. आमच्या गोव्यातल्या देवळांच्या भिंतींवरची कावी कला त्यावरूनच.

तुळशीवृंदावन : आमच्याकडे काव वेगळी, गेरू वेगळा. काव जरा गडद.

आडमुठा : दोन्ही एकच. दुकानदार रंग बघून भाव वेगळा लावतो.

तुळशीवृंदावन : तुमच्या दुकानदाराचं मला सांगू नका, माझं माहेर कुंभारवाड्यात आहे.