सेन्सर बदलला तरी ईसीयू ८४ अंशच दाखवतो, फॅन लागतच नाही

ट्यूबचॅसिस
घरी बांधलेली गाडी आहे. ट्यूबची चॅसिस, फायबरची बॉडी, जुन्या हॅचबॅकचं इंजिन, ट्यूनिंग करता येणारा वेगळा ईसीयू (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर). कूलंट सेन्सर दोन पिनांचा, बॉशचा एनटीसी (गरम होईल तसा रेझिस्टन्स कमी होणारा). गार इंजिनावर आकडा हवेच्या तापमानाशी जुळतो. गरम झाल्यावर मात्र ८४ वर अडकतो. फॅन ९५ वर सेट केलाय, तो लागत नाही आणि बाटलीत कूलंट उसळतं. इन्फ्रारेड थर्मामीटर थर्मोस्टॅटच्या (गरम झाल्यावर कूलंट रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेच्या) हाऊसिंगवर १०० दाखवतो. नवा सेन्सर टाकूनही तेच. डॅशवरच्या काट्याला वेगळा, एका वायरचा सेंडर (काट्याला तापमान कळवणारा सेन्सर) आहे. हेडलाइट लावले की तो काटा वर चढतो. ईसीयू गेला असेल का?

पाना-पकड
ईसीयूवर एवढ्यात संशय नको. गारमध्ये बरोबर आणि गरममध्ये कमी, म्हणजे वायरिंगमध्ये कुठेतरी जास्तीचा रेझिस्टन्स शिरलाय.

या सेन्सरचे आकडे साधारण असे: २० अंशांना २५०० ओहम, ४० ला ११७५, ६० ला ५९६, ८० ला ३२३, १०० ला १८६. आता समजा कनेक्टरमध्ये १०० ओहम वाढले. गारमध्ये २५०० चे २६०० होतात, चूक जेमतेम एका अंशाची. १०० अंशांना मात्र १८६ चे २८६ होतात आणि २८६ म्हणजे ईसीयूच्या हिशेबाने ८४! तुमचा आकडा हाच आहे. ईसीयूला ९५ दिसायला २१३ ओहम लागतात. त्यातले १०० वायरिंगचे, म्हणजे सेन्सर ११३ वर यायला हवा, आणि तो तिथे येतो १२० अंशांना. फॅन तेव्हा लागणार.

ईसीयूत ओहमवरून तापमान काढायला चुकून जीएमच्या (जनरल मोटर्सच्या) सेन्सरचा तक्ता निवडला असता तर उलटं दिसलं असतं. गारमध्ये सात-आठ अंश जास्त आणि गरममध्ये जवळपास बरोबर.

मोजायचं गरम इंजिनावरच. गारमध्ये अडीच हजारांत शंभर ओहम लपून जातात. इग्निशन बंद करा, ईसीयूचा प्लग काढा, सेन्सर जोडलेला राहू द्या आणि प्लगमध्ये सेन्सरच्या दोन पिनांवर ओहम मोजा. मग लगेच सेन्सरचा कनेक्टर काढून थेट सेन्सरवर मोजा. फरक २ ओहमच्या आत हवा. जास्त असेल तर कनेक्टरचं रबर मागे सरकवून पाहा. तांब्याच्या तारा हिरव्या-काळ्या पडलेल्या असतात, किंवा क्रिम्प (पिन तारेवर दाबून केलेला जोड) तारेऐवजी इन्सुलेशनवर बसलेला असतो. सेन्सरच्या पिना गंजल्या असतील तर त्याही साफ करा. क्रिम्प नवीन करा. इंजिनाजवळ सोल्डर टाळा, सोल्डर संपतं तिथेच तार हादऱ्यांनी तुटते.

काळी वायर
डॅशच्या काट्याचा आजार वेगळा आहे. एका वायरच्या सेंडरला अर्थ मिळतो तो थ्रेडमधून, इंजिनाच्या ब्लॉकमार्फत. हेडलाइटचा करंट चॅसिसमधून अल्टरनेटरकडे परततो. चॅसिस आणि ब्लॉक जोडणारा अर्थचा स्ट्रॅप (जाड वायर) कमजोर असेल तर ब्लॉक चॅसिसपेक्षा खालच्या व्होल्टेजवर जातो, सेंडरमधून जास्त करंट वाहतो आणि काटा चढतो. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, अशा स्थितीत बॅटरीची निगेटिव्ह आणि ब्लॉक यांच्यात व्होल्ट मोजा. ०.१ च्या वर असेल तर ब्लॉकपासून चॅसिसपर्यंत जाड स्ट्रॅप टाका, दोन्ही टोकांचा पेंट खरवडून. सेंडरच्या थ्रेडवर टेफ्लॉन टेप गुंडाळली असेल तर काढा, तिनेही अर्थ तुटू शकतो.

दोन पिनांच्या सेन्सरची परतीची वायर मात्र चॅसिसला लावायची नाही. ती ईसीयूच्या सेन्सर-ग्राउंडलाच जायला हवी.

उकळबिंदू
सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूला आहे ना? रेडिएटरच्या होजमध्ये असेल तर थर्मोस्टॅट उघडेपर्यंत त्याला गार पाणीच दिसतं. रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असेल तर सर्वात उंच जागी हवा काढायचा ब्लीड स्क्रू पाहिजे. सेन्सर हवेच्या खिशात अडकला तर इंजिन उकळत असतानाही आकडा कमी येतो. रेडिएटरची कॅप इंजिन गरम असताना उघडू नका.

ट्यूबचॅसिस
सेन्सर थर्मोस्टॅटच्या इंजिनाकडच्या बाजूलाच आहे, हवाही काढली. गरममध्ये मोजलं: ईसीयूच्या प्लगवर २८८ ओहम, थेट सेन्सरवर १८५. रबराखाली एका पिनची तार हिरवी पडून दोन-तीन धाग्यांवर लटकत होती. ती कापून नवीन पिन क्रिम्प केली, आता फरक १ ओहमच्या आत. ब्लॉक आणि बॅटरीत ०.६ व्होल्ट होते, स्ट्रॅप टाकल्यावर ०.०४. फॅन ९५ ला लागतो, काटाही हलत नाही.

पाना-पकड
क्रिम्पची खात्री एकदा अशी करा: सेन्सरच्या जागी कनेक्टरमध्ये १८० ओहमचा रेझिस्टर लावा. ईसीयूवर १०१ च्या आसपास यायला हवं, फॅन लागायला हवा. मग इंजिनाजवळचा हार्नेस (वायरांची जुडी) हाताने हलवा, आकडा जराही उडता कामा नये. रेझिस्टर लावून इंजिन चालवू नका.

अजून एक, आणि हे कराच. वायर पूर्ण तुटली तर ईसीयूला उणे ४० दिसतं, एरर येते आणि फेलसेफ (सेन्सर बिघडला की फॅन लावणारी सेटिंग) लावला असेल तर फॅन लागतो. या बिघाडात मात्र आकडा शक्य कोटीतलाच राहिला, म्हणून एरर आलीच नाही. रेडिएटरच्या टाकीत ९२ ला लागणारा आणि ८७ ला सुटणारा थर्मल स्विच बसवा. फॅन रिलेच्या (फॅनला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) कॉइलचं जे टोक ईसीयू ग्राउंड करतो, तेच टोक या स्विचनेही ग्राउंड होऊ द्या. मग ईसीयू फसला तरी फॅन लागेल.